वारस कोण? : एका सावत्र आजोबांच्या निमित्ताने

अण्णा गेले त्या दिवशी डोंबिवलीच्या स्मशानात पहिला प्रश्न आला तो, 'अग्नी कोण देणार?' माझी आई पुढे झाली. सातव्या-आठव्या वर्षापासून अण्णांनी तिला वाढवलं होतं. शेवटची दोन वर्षं त्यांचं सगळं अंथरुणातलं तिनंच केलं होतं. जमलेल्यांपैकी एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, 'बाईमाणूस आहे हे एक वेळ सोडा हो, पण ही त्यांची मुलगी तरी कुठंय?' मग गावाहून पुतण्या येईपर्यंत चार तास प्रेत ठेवलं.

बाईनं अग्नी द्यावा की नाही, या वादाला आपण कधीपासून तयार आहोत. त्याची उत्तरं आपल्याला पाठ आहेत. पण त्या दुसऱ्या वाक्याला काय उत्तर द्यायचं, हे मला त्या दिवशी सुचलं नाही. एम.एस.डब्ल्यू. करून दहा वर्षं बायकांच्या केसेस हाताळणाऱ्या मला! ते उत्तर शोधण्यासाठी हा लेख.

माझी आजी १९६५ साली, सत्ताविसाव्या वर्षी विधवा झाली. आईचे वडील ठाण्यात एका कारखान्यात होते, मशीनवर अपघात होऊन गेले. कोपरीत भाड्याची खोली, पदरात पाच वर्षांची मुलगी आणि हाताशी एक शिवणयंत्र. आजीनं ब्लाउज शिवून तीन वर्षं काढली. मग कल्याणला रेल्वेत फिटर असलेल्या अण्णांशी तिची ओळख झाली आणि दोघांनी लग्न करायचं ठरवलं. आजीच्या सासरचं गाव मुरबाड तालुक्यातलं. तिथून निरोप आला, 'तुला जायचं तर जा, पोरगी आमची आहे. ती इथं ठेव.'

ही अट त्या घरानं शोधून काढलेली नव्हती. १८५६ चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा आपण सुधारणेचा विजय म्हणून शिकतो. तो उघडून पाहा. त्याच्या दुसऱ्या कलमात लिहिलं होतं की पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क, ती मेली असं समजून, संपेल. तिसऱ्या कलमानं मृत नवऱ्याच्या नातेवाइकांना मुलांसाठी दुसरा पालक नेमावा असा अर्ज करायची वाट करून दिली. म्हणजे बाईसाठी दार उघडलं, पण मिळकत आणि मूल उंबऱ्याबाहेर ठेवून जायच्या बोलीवर. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी शारदा सदनातल्या गोदूबाईंशी विवाह केला आणि मुरूडकरांनी बहिष्कार घातला, हे आपण सगळ्या जाणतो. त्या धाडसाचं मोल मोठंच आहे. पण पुनर्विवाहाची ही सर्वांत गाजलेली कहाणी बालविधवेची, मूल नसलेल्या स्त्रीची आहे. बहुजन जातींमध्ये तर पाट लावायची रीत आधीपासूनच होती. पण बऱ्याच ठिकाणी पाट रात्रीचा लागायचा, सवाष्णी तिथं थांबायच्या नाहीत आणि पहिलं मूल बहुधा पहिल्या घरी राहायचं. १८५६ चा तो कायदा १९८३ साली पुस्तकातून निघाला. मनातून निघाला का, ते तुम्हीच सांगा.

आजीनं मुलगी सोडली नाही. १९६८ साली कल्याणात एका मित्राच्या खोलीत, भटजी बोलावून, चार माणसांत लग्न झालं आणि आई त्या लग्नात पुढच्या रांगेत बसली होती.

नवीन शाळेत नाव घालताना मास्तर अण्णांना म्हणाले, 'तुमचंच नाव लावून टाकू, कोण विचारतंय?' अण्णा म्हणाले, 'तिचा बाप मेलाय, त्याला आणखी पुसायचा कशाला?' आईच्या नावापुढे तिच्या वडिलांचंच नाव राहिलं. एवढंच नव्हे, तर दर वर्षी भाद्रपदात अण्णा तिला कल्याणहून एस.टी.नं मुरबाडला न्यायचे, तिच्या वडिलांच्या श्राद्धाला. त्या घरात अण्णांनी पाऊल ठेवलेलं चालणार नव्हतं. मुलीला कोणाच्या तरी हवाली करून ते दिवसभर एस.टी. स्टँडवर पेपर वाचत बसायचे आणि शेवटच्या गाडीनं तिला घेऊन परत यायचे. आई लग्न होऊन ठाण्याला येईपर्यंत हे चाललं. मला हे आईनं सांगितलं. अण्णा कधी बोलले नाहीत.

८ मे १९७४ ला रेल्वेचा संप सुरू झाला, तो २७ मे पर्यंत चालला. अण्णा संपावर होते. घर आजीच्या मशीनवर चाललं. त्या वीस दिवसांत अण्णा काजं-बटण करायला शिकले. संप संपला तरी त्यांनी ते सोडलं नाही. संध्याकाळी कामावरून आले की हातपाय धुऊन आजीच्या शेजारी सुई-दोरा घेऊन बसत. चाळीतली माणसं हसायची. पुढे माझ्या शाळेच्या फ्रॉकची बटणंही त्यांनीच लावली.

आता कोणी म्हणेल, किती थोर माणूस! विधवेला मुलीसकट पदरात घेतलं! या 'पदरात घेतलं'चीच मला चीड आहे. माझी आजी कमावती बाई होती. तिनं एक माणूस निवडला आणि त्या माणसानं तिला निवडलं. विधुर दोन मुलांसह लग्नाला उभा राहतो तेव्हा नव्या बायकोनं त्याला पदरात घेतलं असं कोणी म्हणतं का? उलट, मुलांना 'आई मिळाली' म्हणतात आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या प्रत्येक कृतीत सावत्रपणा शोधतात. पुरुषानं केलं तर उपकार आणि बाईनं केलं तर कर्तव्य. तेही संशयास्पद!

मुळात 'सावत्र' हा शब्दच पाहा. तो 'सवत' या शब्दाच्या कुळातला, मूळ संस्कृत 'सपत्नी'. एका पुरुषाच्या अनेक बायका असतील हे भाषेनं गृहीत धरलं आणि त्यासाठी शब्द केला. एका बाईचा दुसरा नवरा असेल, तो तिच्या मुलांचा बाप होईल, हे गृहीतच धरलं नाही. मग आजीच्या नवऱ्याला आपण सवतीवरून आलेला शब्द चिकटवतो. पितृसत्ता आणखी कुठं शोधायची?

इथं काही मैत्रिणी मला थांबवतील. सावत्र बापानं मुलीवर अत्याचार केल्याच्या केसेस आपल्या केंद्रात येतात. मग हे गोडवे कशाला? प्रश्न रास्त आहे. मीही केसपेपर लिहिताना 'आईचा दुसरा नवरा घरात' एवढं दिसलं की लाल रेघ मारत आले. पण सख्ख्या बापांच्या, काकांच्या, मामांच्या केसेस काय कमी पाहिल्या? २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या पाचव्या कलमात रक्ताचा, दत्तकाचा, विवाहानं झालेला असे सगळे नातेवाईक एका ओळीत बसवले आहेत. तेच बरोबर आहे. मुलीशी तो कसा वागतो ते पाहायचं, रक्त कोणाचं हे नाही. डोळे उघडे ठेवा, पण सर्वच नात्यांसाठी ठेवा. नाहीतर 'रक्ताचं तेच खरं' या पितृसत्तेच्याच सिद्धांतावर आपण शिक्का मारतो.

आता कायद्याकडे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात 'पालक' या शब्दात सावत्र आई-वडील स्पष्ट शब्दांत धरले आहेत. म्हणजे म्हातारपणी सांभाळायची जबाबदारी टाकताना आई ही अण्णांची मुलगी. पण १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या सहाव्या कलमात लिहिलं आहे की 'पिता' व 'माता' यांत सावत्र पिता, सावत्र माता येत नाहीत. आणि १९५६ च्याच हिंदू वारसा कायद्यात सावत्र मुलगी ही मुलगी नव्हे. सांभाळायला मुलगी, वारसाला परकी!

आमच्या घरी हे कसं घडलं ते ऐका. निवृत्तीच्या पैशातून आणि आजीच्या शिवणातून अण्णांनी डोंबिवलीत एका खोलीचा फ्लॅट घेतला. कागद एकट्या अण्णांच्या नावावर. २०१९ च्या मार्चमध्ये आजी गेली, ऑगस्टमध्ये अण्णा. मृत्युपत्र नव्हतं. आजी मागे राहिली असती तर पत्नी म्हणून फ्लॅट तिला मिळाला असता आणि तिच्यानंतर आईला. आजी पाच महिने आधी गेली म्हणून आई त्या घराची कोणी उरली नाही. अण्णांचे भाऊ-बहीण हयात नव्हते, म्हणून फ्लॅट भावाच्या मुलाला गेला. तो वाईट माणूस नाही. कायद्यानं दिलं ते त्यानं घेतलं. आईनं आजीचं मशीन आणि अण्णांची हत्यारांची पेटी घेतली आणि किल्ली त्याच्या हातात दिली.

अण्णांनी आईला दत्तक का घेतलं नाही? कारण दत्तक म्हणजे कायद्याच्या भाषेत जन्माच्या घराशी नातं तुटणं. ज्या माणसानं तिच्या मेलेल्या बापाचं नाव पुसू दिलं नाही, तो ते कसं करणार? म्हणजे त्यांच्या चांगुलपणाचाच दंड माझ्या आईला भरावा लागला.

पण अण्णांवर माझं प्रेम आहे म्हणून त्यांची चूक झाकणार नाही. बटणं लावणाऱ्या या माणसाला घराच्या कागदावर आजीचं नाव लावायचं सुचलं नाही. आजीनंही मागितलं नाही. शेतकरी संघटनेनं १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला लावली, ती बातमी अण्णांनीच आजीला वाचून दाखवली होती. फ्लॅटचा करार झाला १९९२ साली! आजीचं नाव असतं तर तिच्या हिश्श्यात तरी आईचा वाटा राहिला असता. चांगला नवरा मिळाला म्हणजे हक्काचा कागद नको, असं होत नाही.

काही पावलं पडली आहेत. जुलै २०२२ मध्ये अकेला ललिता यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पुनर्विवाह केलेल्या आईचा मुलाचं आडनाव ठरवण्याचा हक्क मान्य केला आणि कागदोपत्री 'सावत्र पिता' असं लिहायला लावणं क्रूरपणाचं ठरवलं. त्याच वर्षी मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव आलं. पण कुंकू राखलं, नाव आलं, तरी वाढवण्यानं झालेलं नातं अजून बाहेरच उभं आहे.

तेव्हा मागणी करायची ती ही. ज्या मुलाला वा मुलीला माणसानं आपल्या घरात वाढवलं, ते मूल वारसात पुतण्याच्या, भाच्याच्या आधी, पत्नी आणि स्वतःच्या मुलांच्या रांगेत बसलं पाहिजे. पालकत्वाच्या कायद्यात आईच्या संमतीनं तिच्या जोडीदाराला जागा मिळाली पाहिजे. हे होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या केंद्रात पुनर्विवाह करणारी बाई आली की नुसतं अभिनंदन करून पाठवू नका. घर दोघांच्या नावावर करा म्हणून सांगा. दोघांनाही मृत्युपत्र करायला लावा. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर केलेलं मृत्युपत्रही चालतं, नोंदणी सक्तीची नाही, केली तर उत्तम. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हेही समजावून सांगा. आणि केसपेपरवर 'सावत्र' लिहायच्या आधी मुलाला विचारा, 'तू यांना काय म्हणतोस?'

स्मशानातल्या त्या गृहस्थांना आता माझ्याकडे उत्तर आहे. 'ही त्यांची मुलगी कुठंय?' असं विचारलंत ना? वीस वर्षं दर भाद्रपदात तिच्यासाठी मुरबाडच्या स्टँडवर बसून राहिलेल्या माणसाची ती मुलगी आहे.