नव्या ट्रकचालकाचे वेतन ‘लाइन’च्या हाती

नवी मुंबई, प्रतिनिधी

ठाणे-बेलापूर रस्त्यावर दिघ्याच्या आसपास उभी असलेली ट्रकांची रांग पाहिली की शहरवासीयांना वाहतूक कोंडी आठवते. त्या ट्रकांत बसलेल्या माणसाची कमाईही त्या वेळी थांबलेली असते, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. लांब पल्ल्याच्या मालवाहतुकीत नव्याने उतरणाऱ्या चालकाला ‘महिना किती पडतो?’ असे विचारले तर उत्तर आकड्यात मिळत नाही. ‘लाइन कोणती मिळते त्यावर आहे,’ हेच बहुधा ते उत्तर असते. ट्रकचालकांच्या बोलीत ‘लाइन’ म्हणजे मार्ग. बंगळुरू लाइन, दिल्ली लाइन, कोलकाता लाइन. चालकांच्या वेतनाचा आणि त्यांना मिळणाऱ्या मार्गांचा विचार आजवर वेगवेगळा होत आला. प्रत्यक्षात हे दोन प्रश्न नसून एकच आहे.

या व्यवसायातील कमाईचे गणित साधे दिसते, पण तसे ते नाही. ठरावीक मासिक पगार असलाच तर तो बेताचा. खरी भिस्त फेऱ्यामागे मिळणाऱ्या भत्त्यावर आणि रोजच्या खुराकीवर. त्याखेरीज डिझेलचा हिशेब असतो. मालक गाडीचा ‘अ‍ॅव्हरेज’ ठरवून तेवढेच डिझेल मंजूर करतो. वाचले तर चालकाचे, जास्त लागले तर त्याच्याच खात्यातून वजा. मुंबई ते बंगळुरू हे अंतर सुमारे एक हजार किलोमीटर. समजा लिटरला चार किलोमीटर हा हिशेब ठरला, तर अडीचशे लिटर डिझेल मंजूर होईल. भोर घाट आणि त्यापुढचा खंबाटकी घाट भरलेल्या गाडीने कोणत्या गियरमध्ये चढावा, उतारावर इंजिनाचा आधार कसा घ्यावा, हे मुरलेल्या चालकाला अंगवळणी पडलेले असते. नवख्याचे पंधरा लिटर सहज जास्त जातात. लिटरला नव्वद रुपये धरले तरी साडेतेराशे रुपये एका फेऱ्यात गेले. मालात घट आली, टायर फाटला, ई-चलान आले, की तेही बहुतेक ठिकाणी चालकाच्याच नावे पडते.

त्यात नवख्याला गाडी मिळते ती जुनी. मालक किंवा त्याचा मुनीम चांगली गाडी आणि परतीचे भाडे हमखास मिळणारी लाइन जुन्या, भरवशाच्या माणसाला देतो. व्यवहार म्हणून हे गैर म्हणता येणार नाही. पंचवीस-तीस लाखांचे वाहन आणि त्यावरचा माल कोणीही अनोळखी हातात सहज सोपवणार नाही. मात्र परिणाम असा होतो की ज्याला डिझेल वाचवता येत नाही त्याच्याच वाट्याला जास्त डिझेल पिणारी गाडी येते, आणि ज्याची कमाई फेऱ्यांवर अवलंबून आहे त्यालाच फेरे कमी पडणारी लाइन मिळते.

कमी फेऱ्यांची लाइन म्हणजे काय, हे दिघ्यात चांगले समजते. ट्रान्स ठाणे क्रीक औद्योगिक पट्ट्याच्या या उत्तर टोकावरून न्हावा-शेवा बंदर जवळ आहे. अंतर पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर. नकाशावर हे काम सोपे दिसते. प्रत्यक्षात कंटेनर बंदरात कधी उतरवून घेतला जाईल, रिकामा कधी हाती येईल, हे चालकाच्या हातात नसते. उलट दिशेला नाशिककडे निघायचे तर विटाव्याचा बुटका रेल्वेपूल, कळव्याची कोंडी आणि अवजड वाहनांना ठाण्यात ठरावीक तासांतच असलेला प्रवेश. प्रवेशबंदीचे तास रस्त्याकडेला काढावे लागतात. या थांबण्याला ‘हॉल्टिंग’ असे भारदस्त नाव आहे, त्याचे पैसेही माल पाठविणाऱ्याकडून कधीकधी वसूल होतात. ते चालकापर्यंत पोचतात की नाही, हा मालकाच्या मर्जीचा भाग.

वास्तविक सार्वजनिक मोटार वाहतूक हा १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या अनुसूचीतील उद्योग होता. त्या कायद्याच्या १५ व्या कलमाने एक गोष्ट स्पष्ट केली होती: कामगार काम करण्यास तयार असून मालकाने काम न दिल्याने दिवस अपुरा राहिला, तरी पूर्ण दिवसाचे वेतन देय आहे. हेच तत्त्व आता वेतन संहितेतही आले आहे. या न्यायाने बंदराबाहेर रांगेत गेलेला दिवस हा मजुरीचाच दिवस ठरायला हवा. परंतु फेऱ्यावर पैसे देण्याच्या रिवाजात तो दिवस जणू उगवलेलाच नसतो.

पूर्वी नवखा माणूस थेट लाइनवर जात नसे. क्लीनर म्हणून तो उस्तादाच्या हाताखाली वर्ष-दोन वर्षे काढी. काच पुसता पुसता घाट, नाके, गुदामे आणि माणसे शिके. ही व्यवस्था शोषणाची होती, यात शंका नाही. पण ती शाळाही होती. राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन चालक असावेत, हे बंधन केंद्राने २०१८ मध्ये काढून टाकले. जुलै २०२५ मध्ये राज्यातील वाहतूकदारांच्या संपात ई-चलानच्या दंडाबरोबर क्लीनरची सक्ती उठवण्याचीही मागणी होती. कायद्याची अट पाहिली, तर हलक्या वाहनाचा परवाना एक वर्ष हाती असला की परिवहन वाहनाच्या शिकाऊ परवान्याचा मार्ग खुला होतो, आणि आठवी उत्तीर्ण असण्याची अटही २०१९ मध्ये गेली. गावाकडे शिक्षण सुटलेल्या मुलाला त्यामुळे दार उघडले, हे चांगलेच झाले. पण दाराच्या आत शिकवणारे आता कोणी उरलेले नाही. अपवाद घातक रसायनांच्या वाहतुकीचा. तेथे चालकाला तीन दिवसांचे प्रशिक्षण आणि त्याचे प्रमाणपत्र सक्तीचे आहे. रासायनिक कारखान्यांच्या या पट्ट्यात अशा प्रमाणपत्राला किंमत आहे आणि टँकरची लाइन तुलनेने बरी मानली जाते. तीन दिवसांचे का होईना, शिक्षण आणि कमाई यांचा थेट संबंध या धंद्यात दिसतो तो एवढ्या एका ठिकाणी.

सर्वांत बोचरी तफावत मात्र ट्रकच्या फाळक्यापाशीच दिसते. मागच्या बाजूने माल चढविणाऱ्या हमालासाठी महाराष्ट्रात १९६९ पासून माथाडी कायदा आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून उभ्या राहिलेल्या या व्यवस्थेत मजुरी मंडळाकडे जमा होते, तिच्यावर लेव्ही आकारली जाते, भविष्यनिर्वाह निधी मिळतो. माथाडी मंडळांतील गैरप्रकारांची चर्चा नवी मुंबईला नवी नाही. तरीही नोंदणीकृत माथाडीला आपली मजुरी कोठे लिहिली जाते हे ठाऊक असते. त्याच ट्रकच्या पुढच्या बाजूला बसलेल्या चालकाला तेवढेही ठाऊक नसते. राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये चालकांसाठी कल्याणकारी मंडळाला मंजुरी दिली, ती रिक्षा आणि मीटर टॅक्सीच्या चालकांसाठी. ट्रकचालक त्यात नाही. त्याच वर्षी जानेवारीच्या पहिल्या दोन दिवसांत भारतीय न्यायसंहितेतील अपघात करून पळून जाण्याबाबतच्या कठोर तरतुदीविरुद्ध चालकांनी चाके थांबवली आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. ती तरतूद स्थगित राहिली. वेतनाचा विषय त्या चर्चेत कोठेही आला नाही.

युरोपीय संघाने २००६ च्या नियमावलीत या प्रश्नाचे मूळच पकडले आहे. दिवसाला साधारण नऊ तास गाडी चालवण्याची मर्यादा आणि साडेचार तासांनंतर पाऊण तासाची विश्रांती, एवढ्यावर ती थांबत नाही. कापलेल्या अंतरावर किंवा वाहिलेल्या मालावर असे पैसे देण्यासही ती मनाई करते, ज्यामुळे रस्त्यावरील सुरक्षितता धोक्यात येईल. आपल्याकडे १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, पण पैसे कशावर द्यायचे याला हात लावला नाही. फेऱ्यावर पोट असलेला चालक आठ तासांनी गाडी बाजूला घेईल, ही अपेक्षा कागदावरच राहिली.

मालकांची बाजूही ऐकायला हवी. देशातील बहुसंख्य ट्रक हे चार-पाच गाड्यांच्या आतल्या मालकांचे आहेत आणि त्यांतील अनेक जण काल-परवापर्यंत स्वतःच चालक होते. बँकेचा हप्ता ठरलेला, भाडे मात्र दलाल आणि मोठ्या कंपन्या ठरवणार, परतीला गाडी रिकामी आली तर तोटा. अशा मालकाने बांधील पगार द्यावा तर कोठून? हा प्रश्न खोटा नाही. पण बाजाराची ही जोखीम खाली सरकत सरकत शेवटी फेऱ्याच्या रूपाने सर्वांत नवख्या चालकाच्या माथी येते, हेही तितकेच खरे. भाडे ठरवतानाच हॉल्टिंगचा दर आणि त्यातील चालकाचा वाटा बिल्टीवर लिहून घेणे हा त्यावरचा एक मार्ग आहे. त्यासाठी माल पाठविणाऱ्या कारखान्यांना मात्र राजी करावे लागेल, आणि ती ताकद चार गाड्यांच्या मालकाकडे नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि १९६१ चा कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या स्थितीविषयक संहितेत विलीन झाला. या संहितेने प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक केले आहे. नवख्या चालकाच्या हाती पगार, भत्ता आणि कपातीच्या अटी लिहिलेला कागद पडण्याची ही पहिलीच संधी म्हणता येईल. मात्र जुना कायदा पाच कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायाला लागू होता. नव्या संहितेसाठी ही संख्या दहा आहे. दिघ्यात रस्त्याकडेला उभ्या असणाऱ्या गाड्यांचे मालक बहुतांशी त्या आकड्याच्या खालचे, आणि जे वरचे आहेत त्यांच्या गाड्या भाऊ, पत्नी, मेहुणा अशा निरनिराळ्या नावांवर असण्याची रीत या धंद्यात जुनीच आहे.