नजरगहाण आणि मोटारसायकल

भोई म्हणजे पालखी वाहणारा. दुसऱ्याच्या प्रवासाचा भार खांद्यावर घेणाऱ्यांचं नाव ज्या वस्तीला मिळालं, तिथल्या लोकांना स्वतःच्या प्रवासाचं अप्रूप असावं यात नवल नाही. आमच्या भोईवाड्यात, एका बाजूला केईएम आणि टाटा रुग्णालय, दुसऱ्या बाजूला नायगाव, अशा बेचक्यात राहणाऱ्यांचा प्रवास पूर्वी ठरलेला असे. मे महिन्यात आणि गणपतीत एसटीनं कोकण, म्हातारपणी पंढरपूर आणि जमलंच तर काशी. माझ्या पुतणीनं मात्र गेल्या वर्षी जाहीर केलं की ती जुनी हिमालयन घेणार, ती दुरुस्त करून घेणार आणि तिच्यावरून स्पितीला जाणार.

पुतणीचं वय सत्तावीस, नोकरी प्रयोगशाळेत तंत्रज्ञाची. धाकट्या भावानं, म्हणजे तिच्या वडिलांनी, दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. ‘‘काका, तुम्ही बाबांना समजवू नका. तुम्ही फक्त कागद बघा.’’

आयुष्यभर बँकेत कर्जखातं सांभाळलेल्या माणसाला याहून गोड आमंत्रण नसतं.

पहिल्यांदा या वाहनाविषयी सांगायला हवं, कारण घरोघरी वडीलधाऱ्यांचा समज असा की बुलेट काय आणि हिमालयन काय, दोन्ही धूडच. तसं नाही. चांगला रस्ता आणि अजिबात नसलेला रस्ता, दोन्हीकडे चालेल असं यंत्र बनवायची कल्पना 1980 साली जर्मनीच्या बीएमडब्ल्यूनं आर 80 जी/एस या गाडीत आणली. तिच्या नावातला जी म्हणजे रान आणि एस म्हणजे सडक. पुढच्याच वर्षी त्या जातीच्या गाडीनं पॅरिस-डाकार शर्यत जिंकली. आपल्याकडे सामान्य नोकरदाराच्या आवाक्यातली तशी गाडी रॉयल एनफील्डनं 2016 मध्ये आणली. 411 सीसीचं इंजिन, पुढचं चाक 21 इंचांचं, टाकी 15 लिटरची. मोठं चाक खड्ड्यात पडत नाही, खड्ड्यावरून जातं. सगळी गोम त्यात आहे. 2023 च्या नोव्हेंबरात 452 सीसीची नवी हिमालयन आली आणि जुन्या 411 विक्रीला निघाल्या. हौस फिटलेले, लग्न झालेले, परदेशी चाललेले असे तिचे मालक. पुतणीच्या बजेटात नवी बसत नव्हती, जुनी बसत होती.

जुन्या वाहनाचं मला वावडं नाही. आमच्या तरुणपणी स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे, त्यामुळे वापरलेली स्कूटर कधी कधी नवीपेक्षा महाग मिळे. तेव्हा माणसं इंजिनचा आवाज ऐकत आणि कागद खिशात घालत. आजही तेच चाललं आहे, आणि माझं भांडण तिथेच आहे.

पुतणीनं पसंत केलेली गाडी 2019 ची. हे वर्ष तिनं मुद्दाम निवडलं होतं. 125 सीसीच्या वरच्या दुचाकींना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, 1 एप्रिल 2018 पासून नव्या मॉडेलांना आणि 1 एप्रिल 2019 पासून सर्वांना सक्तीची झाली. आधीची गाडी पाच-दहा हजारांनी स्वस्त मिळते म्हणून घेणं हा मला तरी वेडेपणा वाटतो. मालक डोंबिवलीचा, बोलायला चांगला. गाडी धुऊनपुसून ठेवलेली. पण आरसीवर हायपॉथिकेशनच्या रकान्यात एका वित्तसंस्थेचं नाव होतं.

या शब्दाला सरकारी मराठीत ‘नजरगहाण’ म्हणतात आणि इतका चपखल प्रतिशब्द मी क्वचित पाहिला आहे. सोनं गहाण टाकलं की ते सावकाराच्या तिजोरीत जातं. नजरगहाणात वस्तू तुमच्या दारात राहते, तुम्ही ती वापरता, सावकाराची फक्त तिच्यावर नजर असते. कर्ज फिटलं तरी ती नजर आपोआप उठत नाही. कर्ज देणाऱ्यानं सही केलेला 35 नंबरचा फॉर्म आरटीओत द्यावा लागतो, तेव्हा बोजा उतरतो. मालक म्हणाला, ‘‘हप्ते संपले हो काका, फक्त कागद आणायचा राहिलाय.’’ हे वाक्य मी नोकरीत इतक्या वेळा ऐकलं आहे की त्यातला ‘फक्त’ मला आधीच ऐकू येतो. खातं तपासायला लावलं तेव्हा चार हप्ते बाकी निघाले. माणूस लबाड नव्हता, विसराळू होता. पण तारणाच्या व्यवहारात या दोघांत फारसा फरक पडत नाही.

मग मी व्यवहार बँकेच्या शिस्तीनं लावून दिला. सौदा एक लाख पंधरा हजारांचा. त्यातली थकबाकीची रक्कम पुतणीनं थेट कर्जखात्यात भरली आणि पावती घेतली. ना-देय दाखला आणि 35 नंबर हातात आल्यावर उरलेले पैसे मालकाला, तेही खात्यावर. त्याच वेळी 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मांवर सह्या. कायद्यानं विकणाऱ्यानं 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्यानं 30 दिवसांत अर्ज करायचा असतो. विकणाऱ्यांपैकी बरेच जण कोऱ्या फॉर्मांवर सह्या करून, पैसे मोजून, हात झटकून मोकळे होतात.

ते मोकळे होत नाहीत, हे या पानावरून ओरडून सांगावंसं वाटतं. मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर वाहनाची नोंद आहे तो. एक गाडी लागोपाठ अनेकांच्या हातांत गेली, नोंद पहिल्याच्याच नावावर राहिली आणि अपघात झाला, अशा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच टाकली. गाडी कुठे आहे, कोण चालवतो, हे त्या माणसाला माहीतही नसेल. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या वाहनांच्या अधिकृत डीलरांसाठी नियम आले आहेत. गाडी त्यांच्या ताब्यात दिल्याची नोंद झाली की जबाबदारी त्यांच्यावर येते. चांगला नियम आहे. पण दोन घरांमध्ये परस्पर होणाऱ्या व्यवहाराला त्याचा काही उपयोग नाही. तिथे आपल्याच पायांनी आरटीओपर्यंत जावं लागतं.

असो. कागद झाले, आता लोखंड.

आमच्या मागच्या गल्लीतल्या गाळ्यात एक मिस्त्री बसतात. त्यांचे वडील गिरणीत फिटर होते. 1982 च्या संपानंतर ते हत्यारांची पेटी घेऊन घरी आले आणि ती पेटी मुलाकडे आली. मिस्त्रींनी गाडीकडे पाहण्याआधी तिच्या सायलेन्सरला हात लावून पाहिला. गरम असता तर गाडी आधी चालू करून आणलेली, म्हणजे गार इंजिन सुरू व्हायला कुरकुरतं हे लपवलेलं. मग चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी ताडले. पुढचं चाक उचलून फोर्क मागेपुढे हलवला, तर कट्‌कट् आवाज आला. कोनसेट गेलेला. हँडल ज्यावर फिरतं ती ही बेअरिंगं. खराब रस्त्यावर चाललेल्या कुठल्याही दुचाकीत ती झिजतात. टायरांवर कोपऱ्यात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या टायरांवर होतं 1119. नक्षी दिसायला चांगली होती, पण रबर म्हातारं झालेलं. मीटरवरच्या किलोमीटरकडे मिस्त्रींनी पाहिलंसुद्धा नाही. ‘‘तो आकडा बोलतो तेवढं खरं धरू नका, साहेब. चेनचे दाते बघा.’’

दोन्ही टायर आणि ट्यूबा, चेन-स्प्रॉकेट, कोनसेट, फोर्कची ऑइल सील, ब्रेकपॅड, बॅटरी, टॅपेट सेटिंग. काही सामान कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आलं, पण ब्रेकपॅड आणि बेअरिंगं मिस्त्रींनी कंपनीचीच मागवली. बिल सव्वीस हजार. पुतणीचा चेहरा पडला नाही, कारण सौद्याच्या किमतीच्या चौथा हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला काढायला मी आधीच सांगितलं होतं. ज्याच्याकडे तेवढे नाहीत, त्यानं त्याहून स्वस्त गाडी पाहावी. पण टायर आणि ब्रेक पुढच्या महिन्यावर ढकलू नयेत.

भावाचा विरोध या काळात मावळला असं मी म्हणणार नाही. त्याचं म्हणणं, जुनी गाडी, वजन दोनशे किलोच्या घरात, मुलगी एकटी, आणि डोंगरात आडवी झाली तर उचलणार कोण? प्रश्न बापाचा होता आणि बरोबर होता. ‘काळजी करू नका’ हे त्याचं उत्तर नव्हे.

उत्तर मिस्त्रींनी दिलं. त्यांनी चाळीच्या अंगणात जुनी गोणपाटं अंथरली, गाडी त्यांवर आडवी केली आणि पुतणीला म्हणाले, ‘‘ताई, उचला.’’ आधी तिनं समोरून हँडल धरून जोर लावला. गाडी तसूभर हलली नाही. मग त्यांनी दाखवलं. हँडल पूर्ण वळवायचं, गाडीकडे पाठ करायची, सीटला टेकून खाली बसायचं, एक हात हँडलवर, एक हात मागच्या पकडीवर, आणि कंबरेनं नव्हे तर मांड्यांनी, लहान लहान पावलं मागे टाकत उठायचं. साइड स्टँड पलीकडच्या बाजूला असेल तर तो आधीच काढून ठेवायचा. तिसऱ्या प्रयत्नाला गाडी उभी राहिली. गॅलऱ्यांमधून टाळ्या पडल्या. भाऊ वरच्या मजल्यावर कठड्याला धरून उभा होता. त्यानं टाळी वाजवली नाही. खाली आला आणि म्हणाला, ‘‘आता दुसऱ्या बाजूनं पाड आणि उचल.’’ तिनं उचलली.

त्यानंतर पंक्चर. या गाडीची चाकं तारांची, आत ट्यूब, म्हणजे वाटेत पंक्चर झालं तर चाक उतरवावं लागतं. चार रविवार बापलेक गाळ्यासमोर बसून पान्यांनी टायर काढत आणि चढवत होते. भाऊ बेस्टमधून निवृत्त झालेला. चाकाशी त्याचं जुनं नातं आहे, फक्त त्याच्या चाकाला ठरलेला मार्ग आणि नंबर असे.

एक काम राहिलं होतं. वाहन हातांत आलं की तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा कायद्यानं नव्या मालकाकडे आपोआप येतो, पण 14 दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. नाही तर आपल्याच गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस मात्र त्याचा, तो गाडीबरोबर येत नाही. विम्याच्या फॉर्मवर नॉमिनीचं नाव लिहायचं होतं. पुतणी कागद घेऊन वर गेली. खाली आली तेव्हा त्या रकान्यात भावानं स्वतःच्या अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं होतं, आणि समासात पेन्सिलीनं विचारलं होतं: माळशेजला पहिली फेरी कधी, मी एसटीनं पुढे जाऊन थांबतो.