ब्रजेश मिश्र आणि सल्लागाराचे पद

१ मे १९७० रोजी पेकिंगच्या तिआनआनमेनवर परराष्ट्रांच्या वकिलांची रांग उभी असता माओ त्से-तुंग भारतीय प्रतिनिधीपाशी थांबले आणि भारत हा थोर देश आहे, हे भांडण असेच चालू राहणे बरे नव्हे, अशा आशयाचे दोन शब्द बोलले. तो प्रतिनिधी म्हणजे ब्रजेश मिश्र. १९६२च्या युद्धाच्या आधीपासूनच जिथे आपला राजदूत उरला नव्हता, त्या वकिलातीचा कारभार ते सांभाळीत होते. त्यांनी या शब्दांनी हुरळून न जाता, पण त्यांचे मोलही कमी न लेखता, दिल्लीस तातडीने तार पाठविली आणि विचारपूर्वक उत्तर द्यावे असे सुचविले. उभय देशांत राजदूत पुन्हा येण्यास १९७६ साल उजाडले. मुत्सद्देगिरीचे फळ किती सावकाश पिकते, याचा हा धडा त्यांना ऐन उमेदीत मिळाला.

पुढे १९९८ साली ते पंतप्रधान वाजपेयींचे प्रधान सचिव झाले आणि त्याच वर्षी देशाचे पहिले राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारही. पोखरणनंतरची कोंडी, कारगिल, २००३ साली चीनशी सीमाप्रश्नावर विशेष प्रतिनिधी म्हणून आरंभिलेली बोलणी, या साऱ्यांत त्यांची मसलत निर्णायक होती. त्यांच्या कर्तृत्वाविषयी मला नितांत आदर आहे, आणि म्हणूनच ही दोन्ही पदे एका व्यक्तीकडे ठेवणे ही गंभीर चूक होती, असे मी म्हणतो.

सल्लागाराच्या शब्दाला वजन यावे म्हणून सत्तेचे दफ्तरही त्याच्या हाती असावे, हा युक्तिवाद वरकरणी पटण्याजोगा आहे. परंतु ज्याच्या मेजावर नेमणुका आणि खात्याखात्यांतील तंटे अहोरात्र येऊन पडतात, त्याला गुप्तवार्तांची परस्परांशी पडताळणी करण्यास निवांतपणा कोठून मिळणार? शिवाय जो निर्णयांना चालना देतो, त्यानेच त्यांतील धोक्यांची तटस्थ छाननी करावी, ही अपेक्षाच अस्वाभाविक आहे. कारगिल आढावा समितीने पूर्णवेळ सल्लागाराची शिफारस केली. तरीही ही व्यवस्था २००४च्या सत्तांतरापर्यंत तशीच राहिली.

तेव्हा पदे विभक्त झाली, हे उचितच झाले. मात्र या अधिकारपदाला आजही संसदेच्या कायद्याची सनद नाही. पंतप्रधानांचा विश्वास हाच त्याचा आधार. त्याच्या अधिकारांची मर्यादा आणि संसदेप्रति त्याचे उत्तरदायित्व कायद्याने निश्चित व्हावे, आणि ते काम कोणाही एका पक्षाच्या सोयीसाठी लांबणीवर टाकू नये.