इंजिनाला हात लावण्यापूर्वी

गेल्या महिन्यात प्रात्यक्षिकाचा तास संपल्यावर अकरावीतला एक विद्यार्थी मागे थांबला. त्याच्या थोरल्या भावाने एक जुनी मोटार घेतली आहे आणि दोघांना तिची ‘रेसिंग कार’ करावयाची आहे. सायलेन्सर काढून झाला होता, रुंद टायर चढवून झाले होते. ‘‘सर, आता इंजिनाची शक्ती कशी वाढवायची तेवढं सांगा,’’ तो म्हणाला. शेवटी विचारायचा प्रश्न त्याने पहिला विचारला, असे माझे मत आहे आणि ते का, हे येथे सांगतो.

माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत नोकरी करतो. सुटीच्या दिवशी होणाऱ्या हौशी शर्यतींसाठी त्याने एक जुनी माझदा मियाटा तयार केली. दोन आसनांची, सुमारे एक टन वजनाची ही छोटी जपानी मोटार १९८९ मध्ये बाजारात आली. तिच्यासाठी तेथे ‘स्पेक मियाटा’ नावाचा शर्यतींचा स्वतंत्र वर्ग आहे. १९४४ मध्ये स्थापन झालेला ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’ त्याचे नियम ठरवतो. सर्वांच्या स्प्रिंगा व शॉक अॅब्सॉर्बर एकाच प्रकारचे, चालकासह किमान वजन ठरलेले आणि इंजिनात फेरफार करण्यास फारच थोडी मोकळीक. मग त्याने गाडीत केले तरी काय?

त्याने पाठवलेल्या छायाचित्रांत पहिल्यांदा दिसते ती रिकामी केलेली गाडी. गालिचा, रेडिओ, शेजारचे आसन, वातानुकूलन, सगळे बाहेर. मग पोलादी नळ्यांचा पिंजरा तळाला वेल्डिंग करून बसवलेला. गाडी उलटली तरी चालकाभोवतीची जागा चेपू नये, यासाठी तो असतो. मग शरीराला घट्ट धरणारे खास आसन, सहा टोकांना बांधलेला पट्टा, अग्निशामक. चावी काढल्यावर स्टिअरिंग अडकवून ठेवणारे कुलूपही त्याने काढून टाकले, कारण धावत्या गाडीत ते अडकले तर अनर्थ होईल. त्यानंतर ब्रेक. इंजिनाचे छायाचित्र त्याने पाठवलेच नाही!

ब्रेकचे काम किती मोठे आहे ते पाहा. १००० किलोग्रॅमची मोटार ताशी १०८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३० मीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा ४,५०,००० ज्यूल भरते. एवढ्या उष्णतेत जवळजवळ दीड लिटर पाणी उकळीला येईल. शर्यतीत ही ऊर्जा, पूर्ण नाही तरी बरीचशी, दर मोठ्या वळणाआधी काही सेकंदांत ब्रेकच्या तबकड्यांत उतरते आणि हे प्रत्येक फेरीत अनेकदा घडते. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते. नवे असताना जे २३० अंश सेल्सिअसच्याही पुढे उकळते, ते जुने होऊन पाणी शिरल्यावर १५५ अंशांच्या आसपासच उकळू लागते. नळीत वाफ झाली की संपले. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पास्कलचा नियम पाठ असलेल्या चालकाचाही पाय मग नुसता खाली जातो आणि गाडी थांबत नाही.

आता वळण घ्या. सपाट वळणावरचा कमाल वेग म्हणजे घर्षणांक, गुरुत्वत्वरण आणि वळणाची त्रिज्या यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ. त्रिज्या ५० मीटर व घर्षणांक ०.९ धरला, तर उत्तर सेकंदाला २१ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ७६ किलोमीटर येते. शर्यतीच्या मऊ रबराचा घर्षणांक १.२ धरला, तर ताशी सुमारे ८७. या सूत्रात इंजिनाची शक्ती कोठेच नाही. (घर्षणांक एकाहून अधिक असूच शकत नाही, असे बरेच शिक्षक सांगतात. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही सांगितले होते. ते चूक आहे. रबर रस्त्याच्या बारीक खाचखळग्यांत शिरून पकड घेते.) सूत्रात वस्तुमानही नाही, परंतु प्रत्यक्षात भार वाढला की रबराचा घर्षणांक थोडा घटतो, म्हणून हलकी गाडी वळणावर सरस ठरते. विद्यार्थ्याच्या भावाचे टायर रुंद आहेत खरे, पण त्यांचे रबर साधेच आहे.

‘‘मग पिंजरा बसवू या,’’ हे सगळे ऐकून तो म्हणाला. त्यालाही माझी हरकत आहे. शर्यतीत डोक्यावर हेल्मेट आणि अंगावर सहा टोकांचा पट्टा असतो, म्हणून तो पिंजरा रक्षण करतो. बाजाराला निघालेल्या उघड्या डोक्याच्या माणसाला तीच पोलादी नळी कपाळावर बसेल. शर्यतीचे काही ब्रेक पॅड तापल्याखेरीज नीट धरत नाहीत, आणि रस्त्यावर मूल आडवे येते तेव्हा ते थंडच असतात. रस्त्यासाठी बनवलेली गाडी ऊन, पाऊस, खड्डे, म्हातारी माणसे, सगळे सांभाळत धावते. तिला मी शर्यतीच्या गाडीहून कमी प्रतीची मानत नाही. शर्यतच करायची, तर आपल्याकडेही चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला आणि कोइमतूरला त्यासाठी बांधलेले मार्ग आहेत.

मुलगा थोडा हिरमुसला. जाताना मी त्याला भावाकडून एकच गोष्ट विचारून ये म्हटले : ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले? दुसऱ्या दिवशी त्याने उत्तर आणले. गाडी घेतल्याला तीन वर्षे झाली होती, आणि टाकीचे झाकण अजून कोणी उघडले नव्हते.