तयार उत्तर, पण पत्र वाचून

लग्नात येणाऱ्या तारा आठवतात? तार ऑफिसातल्या यादीत शुभेच्छांची वाक्ये आधीच ठरलेली असत, प्रत्येकाला एक आकडा. मुंबईहून कोणी ८ आकडा सांगितला, की दीर्घ व सुखी संसाराची शुभेच्छा अकोटच्या मांडवात पोहोचे. पैसा वाचे, तारबाबूचे श्रमही वाचत. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली. युक्ती मात्र ई-मेलमध्ये टिकून आहे.

आमची पुतणी अकोटला दाखल्यांचे, शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देते. जून-जुलैत रोज तेच प्रश्न : कागद कोणते? यायचे कधी? तिने संगणकावर जीमेलच्या सेटिंगमध्ये ‘टेम्पलेट’ सुरू केले. उत्तर एकदाच लिहून तीन टिंबांच्या मेनूतून साठवले. आता क्षणात उत्तर जाते.

एकदा मात्र चुकले. एका मुलीने लिहिले होते, ‘ताई, बाबा वारले. उत्पन्नाचा दाखला कोणाच्या नावे काढू?’ तिला घाईत नेहमीचेच उत्तर गेले : ‘वडिलांची कागदपत्रे घेऊन या.’ मुलगी आलीच नाही. पुतणी स्वतः तिच्या घरी गेली, चूक कबूल केली आणि आईच्या नावे अर्ज भरून दिला.

तेव्हापासून तिचा नियम ठरला आहे. पत्र आधी शेवटपर्यंत वाचायचे. कागदांची यादी तयार असू द्यावी. नाव आणि पहिली ओळ मात्र स्वतः लिहायची. वेळ वाचवायचा तो अशाच एखाद्या मुलीच्या पत्रासाठी.