कव्वालाचं नाव तरी लिहा

इनामगाव-शिरूरच्या आमच्या पट्ट्यात उरुसाला कव्वाली रंगली की समोर दहा-बारा मोबाइल उभे राहतात. सकाळी तुकडे प्रत्येकाच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर, आणि २४ तासांत गायबही. कव्वाल कोण, ढोलकीवर कोण, कलाम कोणाचा, याचा कुठेच पत्ता नाही. मग सुपारी द्यायला येणारा त्यांना शोधणार कसा?

पुण्याच्या ताडीवाला रोडचा अल्ताफ शेख, म्हणजे एमसी स्टॅन, आधी यूट्यूबवर गाजला. ‘बिग बॉस’ जिंकला तो नंतर, २०२३ मध्ये. त्याच्या गाण्यातल्या शिव्या मला वर्गात चालणार नाहीत, पण वस्तीची बोली त्याने लपवली नाही.

रील म्हणजे भिंतीवरचं पोस्टर. पूर्ण कलाम स्वतःच्या यूट्यूब चॅनेलवर हवा, खाली सगळ्यांची नावं, मराठीत आणि उर्दूतही, कारण शोधणारे दोन्ही लिपींत शोधतात. मोबाइल भोंग्याजवळ नको, आवाज फाटतो. आणि ऐकणाऱ्यांचे नंबर वहीत उतरवून ठेवा. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा खेड्यापाड्यातल्या कितीतरी कलाकारांनी जमवलेला गोतावळा एका रात्रीत गेला.

वडीलधारे म्हणतील, मौसिकीची जाहिरात कशाला? मौसिकी जायज की नाजायज, हा वाद फार जुना. तो मी इथे मिटवणार नाही. पण रात्री दोनपर्यंत मांडी घालून आपण ज्याला दाद देतो, त्याचं नाव लिहायला कोणाची मनाई आहे?