गुरू आधी ठरवा, गाव मागाहून

बारावीचे निकाल लागले की इंदूरच्या लालबाग, महूनाका, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर या पट्ट्यातल्या काही मराठी घरांत दरवर्षी एकच चर्चा सुरू होते. मुलगा किंवा मुलगी सात-आठ वर्षं गाणं शिकलेली असते, विशारद झालेली किंवा होण्याच्या बेतात असते, शाळेच्या आणि मंडळांच्या स्पर्धांतली बक्षिसं कपाटात असतात, आणि आता संगीतातच पुढं जायचं असं ती ठामपणे सांगते. ही चर्चा इथवर येते हीच मोठी गोष्ट आहे, कारण वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बहुतेक घरांत ती ‘आधी बी.कॉम. कर’ इथंच संपत असे. पण पुढची चर्चा लगेच नकाशावर सरकते. पुणे की बडोदा, ग्वाल्हेर की खैरागड, बनारसला प्रवेश परीक्षा द्यावी का, कोलकात्याला पाठवावं का. होस्टेल कसं आहे, गाडी किती तासांची, आपलं तिथं कोण आहे. या चर्चेत विद्यापीठाचं नाव येतं, इमारत येते, फी येते. मूल रोज कुणासमोर बसून शिकणार, हे मात्र बहुतेक वेळा प्रवेश झाल्यावर कळतं. माझा आक्षेप या क्रमाला आहे. लांब जाण्याला नाही.

लांब जाणं तर आपल्या गाण्याच्या मुळाशीच आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर घर सोडून निघाले ते आपल्या माळव्यात, धारच्या देवजीबुवांकडे. तिथलं शिक्षण अर्ध्यावर सुटलं तेव्हा त्यांनी ग्वाल्हेर घराण्याच्या वासुदेवबुवा जोशींचे पाय धरले. आज मिरज, सांगली, पुण्याकडं ख्यालगायकीचं जे काही उभं आहे, त्यातला मोठा भाग त्या एका माणसाच्या पायपिटीमुळं दक्षिणेत पोचला. भास्करबुवा बखले बडोद्याच्या गायनशाळेतून बाहेर पडले आणि नाटक कंपनीच्या मुक्कामांतून, गावोगावच्या बैठकांतून शिकत गेले. बंदे अली खाँ, फैज महंमद खाँ, नत्थन खाँ, अल्लादिया खाँ असे गुरू त्यांनी एकामागून एक केले. या दोघांच्या प्रवासात एक गोष्ट सारखी आहे. ते गावाकडे गेले नाहीत, माणसाकडे गेले. तो माणूस ज्या गावी असेल ते गाव त्यांचं झालं. वासुदेवबुवा धारला राहत असते तर बाळकृष्णबुवा ग्वाल्हेरला कशाला जाते?

भीमसेन जोशींची गोष्ट या संदर्भात नेहमी सांगितली जाते, पण अर्धीच. अकरा वर्षांचा मुलगा १९३३ साली गदगचं घर सोडून पळाला, ग्वाल्हेरच्या माधव संगीत विद्यालयात पोचला, उत्तरेत भटकला, हाल सोसले आणि मोठा झाला. म्हणून मुलांनी घर सोडलं पाहिजे, असा तिचा अर्थ लावला जातो. पुढचा अर्धा भाग असा की हा मुलगा फिरत फिरत जालंधरला गेला, तिथं त्याला विनायकराव पटवर्धन भेटले, आणि त्यांनी सांगितलं की तुझ्याच मुलखात सवाई गंधर्व आहेत, त्यांच्याकडं जा. १९३६ साली तालीम सुरू झाली ती कुंदगोळला, गदगहून एका दिवसात जाऊन येता येईल इतक्या अंतरावर. ग्वाल्हेरला हाफिज अली खाँसारख्यांकडून जे मिळालं ते वाया गेलं असं मी म्हणत नाही. भीमसेनजींनी स्वतःच ते ऋण आयुष्यभर मानलं. पण ज्याला आपण त्यांचं गाणं म्हणतो त्याचा पाया घराजवळच्या एका घरात, गुरूची कामं करत, तासन्‌तास एकेक स्वर घोटत घातला गेला. ती तालीम मिळवून देणारी सूचना जाणत्या माणसानं दिली होती, हेही विसरू नये. आज आपल्या मुलांना विनायकराव कुठं भेटणार? म्हणून ते काम आईवडिलांनी आणि पहिल्या गुरूनं करायचं.

इंदूरचं उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोर आहे. लालबागचा राजवाडा बांधून पूर्ण झाला १९२१ मध्ये, तेव्हा अमीर खाँ आठ-नऊ वर्षांचे होते. त्यांचे वडील शहामीर खाँ होळकर दरबारचे सारंगिये. मुलाला त्यांनी आधी सारंगी शिकवली, मग गळा ओळखून मेरुखंड घोटून घेतलं. घरी रजब अली खाँ, बुंदू खाँ, बीनकार मुराद खाँ यांच्यासारख्यांची ऊठबस होती. म्हणजे पुढं ज्याला इंदूर घराणं म्हटलं गेलं, त्याचा जनक शिकण्यासाठी लांब गेलाच नाही. देशातले उत्तम कलावंत त्याच्या वडिलांच्या बैठकीत येत होते, कारण होळकरांचा दरबार त्यांना इथं खेचून आणत होता. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि ती ओढ संपली. म्हणूनच ‘अमीर खाँसाहेब इथंच घडले, मग आमची मुलं का नाही घडणार’ हा अभिमानी सवाल मला पटत नाही. पण त्याच १९४८ साली क्षयानं खंगलेले कुमार गंधर्व हवापालटासाठी देवासला आले आणि तिथलेच झाले. मग मुंबई-दिल्लीची मुलं त्या लहानशा गावात शिकायला येऊ लागली. सत्यशील देशपांडे मुंबईहून आले, मधुप मुद्गल दिल्लीहून. देवासला ना संगीताचं विद्यापीठ होतं, ना वसतिगृह, ना पदवी. इंदूरपासून चाळीसेक किलोमीटरवर एक घर होतं आणि त्यात एक माणूस गात होता, तेवढं पुरेसं ठरलं.

आता संस्थांकडे येऊ, कारण आजच्या मुलाला संस्था टाळून चालणार नाही आणि टाळूही नये. विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. वर्ग, अभ्यासक्रम, क्रमिक पुस्तकं, परीक्षा ही सगळी घडी त्यांनी बसवली, आणि गाणं घरंदाज मुलामुलींपर्यंत पोचलं ते त्यामुळंच. पण वर्गाची मर्यादा त्यांनाच सर्वांत आधी कळली होती. ज्यांना पुढं गायक आणि शिक्षक व्हायचं त्यांच्यासाठी त्यांनी वेगळा उपदेशक वर्ग ठेवला. ती मुलं करारानं बांधलेली, त्यांच्याजवळ राहणारी, दिवसभर त्यांच्या कानाखाली वावरणारी. विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, बी. आर. देवधर हे विष्णु दिगंबरांच्या अशा निकट सहवासातून तयार झाले. वर्गपद्धतीच्या जनकानं कलावंत घडवण्यासाठी वर्गावर विसंबणं नाकारलं, ही गोष्ट मला या सगळ्या वादात निर्णायक वाटते.

वर्गात काय होतं ते हिशेबानंच पाहा. साठ मिनिटांची तासिका आणि वीस मुलं असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला तीन मिनिटं येतात. अमीर खाँसाहेबांच्या अतिविलंबित झुमऱ्याचं एक आवर्तन जवळजवळ मिनिटभर चालतं. म्हणजे तीन मिनिटांत मुलगी तीनदा समेवर येते आणि तिची पाळी संपते. बढत कधी शिकणार? पट्टीचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. मुलाचा गळा साधारण काळी एकच्या आसपास, मुलीचा काळी चार-पाचच्या. एकत्र वर्गात दोघांच्या सोयीसाठी मधलीच एखादी पट्टी धरली जाते, आणि मग मुलगा तारसप्तकात गळा ताणतो, मुलगी खर्जात नुसतीच पुटपुटते. तीन-चार वर्षं असं झालं तर आवाजाचं जे नुकसान होतं ते सुधारताना पुढचे गुरू मेटाकुटीला येतात. हे खैरागडच्या राजवाड्यात झालं काय किंवा इंदुरात झालं काय, गळ्याला फरक पडत नाही. उलट ज्या संस्थांनी ही अडचण ओळखली त्यांनी आपली रचनाच बदलली. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राच्या नावापुढं ‘गुरुकुल’ हा शब्द आहे तो विद्यार्थ्याला प्रत्यक्ष गुरूच्या हाती सोपवण्याच्या कल्पनेतून. कोलकात्याची संगीत रिसर्च अकादमी तर आवारातच गुरू आणि शिष्यांना ठेवते, शिष्याला विद्यावेतन देते. अशा ठिकाणी जागा मिळत असेल आणि तिथला गुरू आपल्या मुलाच्या गळ्याला मानवणारा असेल, तर दीड हजार किलोमीटर हे अंतर मी अंतरच मानणार नाही.

यावर पहिला आक्षेप पदवीचा. नोकरी लागते ती पदवीवर, गुरूच्या नावावर नाही. मोठ्या विद्यापीठाची पदवी जास्त चालते. आक्षेपाचा पहिला भाग बरोबर आहे. महाविद्यालयातल्या संगीतशिक्षकाच्या जागेला पदव्युत्तर पदवी, नेट हे सहसा लागतंच, आणि गाण्यावर घर चालवणाऱ्यांपैकी बहुतेकांचा कणा शिकवणी आणि नोकरी हाच असतो. पदवी सोडा असं सांगणारा माणूस मुलांचं अहित करतो. पण दुसरा भाग तपासून पाहावा. नेटच्या अर्जाला मान्यताप्राप्त विद्यापीठ आणि गुणांची टक्केवारी लागते, विद्यापीठाच्या कीर्तीचा रकाना त्यात नसतो. आणि ग्वाल्हेरला राजा मानसिंह तोमर संगीत आणि कला विद्यापीठ झाल्यापासून राज्यातली शासकीय संगीत महाविद्यालयं, आपलं इंदूरचं धरून, त्यालाच संलग्न आहेत. त्यामुळं निव्वळ पदवीसाठी इंदूर सोडून ग्वाल्हेरला खोली घेणाऱ्यानं आपण नेमकं कशाचे पैसे मोजतो आहोत ते स्वतःला विचारावं. तिथं विशिष्ट गुरू असेल तर जरूर जावं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि त्यापुढं मला माझं म्हणणं थोडं वाकवावं लागतं. तो वातावरणाचा. पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून होतो; पण एका महोत्सवाची ही गोष्ट नाही. वर्षभर लहान-मोठ्या बैठका, घरगुती मैफली, साथीला तबला-संवादिनी वाजवणारी समवयस्क मुलं, एकमेकांचं ऐकून होणारी ईर्षा, हे एका गुरूच्या घरात मिळत नाही. इंदुरात सानंदसारख्या संस्थेनं मराठी श्रोता टिकवून धरला आहे, लालबागच्या मैदानावर मालवा उत्सव भरतो, लता मंगेशकरांच्या जन्मगावी त्यांच्या नावाचा अलंकरण समारंभ होतो. पण शिकणाऱ्या मुलाला आठवड्याला एक तरी शास्त्रीय बैठक समोर बसून ऐकायला मिळावी इतकं भरलेलं हे शहर आज नाही, हे मान्य केलं पाहिजे. म्हणून मी असं म्हणेन की ज्याचा इथला गुरू अजून शिकवण्यासारखं पुष्कळ शिल्लक ठेवून आहे, त्यानं पदवीची वर्षं इथंच काढावी, सुट्ट्यांत पुण्या-मुंबईला ऐकायला जावं, आणि पदव्युत्तरला, गळा पक्का आणि कान शहाणा झाल्यावर, बाहेर पडावं. अठराव्या वर्षी वातावरणात गेलेलं मूल अनेकदा सहा गायकांची नक्कल घेऊन परत येतं. एकविसाव्या वर्षी गेलेलं मूल काय घ्यायचं ते निवडू शकतं. ज्याचा इथला गुरू मनापासून ‘माझ्याकडचं संपलं, आता पुढं जा’ असं सांगतो, त्यानं मात्र एक वर्षही थांबू नये. असं सांगणारे गुरू या शहरात आहेत आणि त्यांचा मान मोठा आहे.

ऑनलाइन शिकवणीनं हा प्रश्नच मिटवला असं म्हणणाऱ्यांना उत्तर थोडक्यात देता येतं. आवाज पोचायला लागणाऱ्या त्या क्षणभराच्या उशिरामुळं गुरू आणि शिष्य एकत्र गाऊ शकत नाहीत, ठेक्यावर तर नाहीच. बंदिश सांगता येते, चूक दाखवता येते, जुळलेलं नातं राखता येतं. स्वराचा लगाव शेजारी बसूनच उतरतो.

मुलींच्या बाबतीत अजूनही वेगळा काटा लावला जातो, तेही बोललं पाहिजे. इंजिनिअरिंगला पुण्याला जाणाऱ्या मुलीच्या होस्टेलची जी खात्री वाटते ती गाण्यासाठी जाणाऱ्या मुलीबद्दल का वाटत नाही? सुरक्षिततेची चौकशी दोघींसाठी सारखीच करावी आणि मग दोघींना सारखंच जाऊ द्यावं.

खर्चाची बाजू अवघड आहे, पण पूर्ण अंधाराची नाही. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे, वय १८ ते २५, दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षं. पुण्यात तेवढ्यात राहणं-जेवण भागत नाही, पण गुरुदक्षिणा आणि तबलजीचा खर्च निघतो. अर्ज करणारे आपल्याकडून फार थोडे असतात.

तेव्हा या जूनमध्ये फी भरण्याआधी एक काम करा. ज्या संस्थेत पाठवायचं तिथं मुलाला घेऊन दोन दिवस जा आणि परवानगी काढून वर्गात मागं बसा. तानपुरे भिंतीला टेकलेले आहेत की जुळवलेले, जवारी कोण लावतं, साथीला तबलजी आहे की यंत्र, मुलींची पट्टी वेगळी धरतात की नाही, आणि गुरुजी एका विद्यार्थ्यावर सलग किती वेळ थांबतात, एवढं पाहा. मग त्या गुरूंना मुलाचं दहा मिनिटं गाणं ऐकवा आणि ते ऐकून त्यांनी काय दुरुस्त केलं ते लक्षात ठेवा. जिथं दहा मिनिटांत मुलाच्या गळ्यातली खरी अडचण ओळखली गेली, तिथं नाव घाला. मग ते गाव पुणे असो, कोलकाता असो, की देवास.